वसंतकाकांचा स्टीलचा पंखा

वसंतकाका कोणाच्याही घरी गेले की आधी भांडं वाजवून बघत. पाण्याचा पेला हातात आला की नखाने टिचकी मारायची, नाद ऐकायचा, मगच पाणी प्यायचं. बदली होऊन मी जबलपूरला आले आणि दीक्षितपुऱ्यात त्यांच्या शेजारी राहू लागले, तेव्हा माझ्या चहाच्या पातेल्यालाही ही परीक्षा द्यावी लागली. ते सपशेल नापास झालं. "बेटा, हे तर जर्मनचं आहे," काका खिन्नपणे म्हणाले. अ‍ॅल्युमिनियमला आपल्याकडे जर्मन म्हणतात, आणि काकांच्या घरात त्याला उंबरठ्याच्या आत प्रवेश नव्हता. दुसऱ्या दिवशी माझं नाव घातलेलं स्टीलचं पातेलं घरपोच आलं.

रिछाईच्या कारखान्यात यंत्रांमध्ये आयुष्य काढलेल्या काकांनी निवृत्तीनंतर एक जुनी मोटारबोट घेतली आणि बरगीच्या धरणावर ठेवली. अख्खी गल्ली तिच्यात फिरून आली, फक्त कुसुमकाकू बसायला तयार नव्हत्या. त्यांना पाण्याची भयंकर भीती. काका रोज विनवण्या करत आणि काकू भाजी निवडत ऐकून घेत. शेवटी उन्हाळ्यात येणाऱ्या लग्नाच्या वाढदिवशी बसायला त्या तयार झाल्या, पण बोट पाण्यात एकदा जरी बंद पडली तर पुन्हा विषय काढायचा नाही, असं त्यांनी बजावलं. काकांचा जीव टांगणीला लागला.

त्यातच बोटीला पुढे ढकलणारा, पाण्याखाली फिरणारा जुना पंखा झिजला होता. नवा कशाचा घ्यायचा हे काकांना कोणी सांगायची गरज नव्हती. उलट त्यांनीच मला समजावलं. स्टीलची पाती पातळ आणि ताठ, त्यामुळे बोट जोरात पळते. पण उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि बुडालेल्या झाडांची खोडं वर येतात. खोडावर आपटलं की जर्मनचं पातं वाकतं आणि मार स्वतःवर घेतं. स्टील वाकत नाही, मग धक्का थेट आतल्या गिअरला बसतो.

"मग जर्मनचाच घ्या ना," मी म्हटलं.

"तुझ्या काकूला जर्मनच्या भरवशावर बसवू? जे घरात चालत नाही, ते तिच्यासाठी काहून लावू?"

झालं! स्टीलचा पंखा आला. एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले. भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे जाऊन त्यांनी पात्यावर 'सौ. कुसुमला सप्रेम' असं कोरून घेतलं.

वाढदिवशी बोट खरोखर झकास पळाली. लाइफ जॅकेट घातलेल्या काकू माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. मधोमध पोचलो आणि खालून थाडकन आवाज झाला. इंजिन घरघरत राहिलं, बोट मात्र जागची हलेना. पंखा खोडावर आपटून गिअर गेला होता. काकांचा चेहरा बघवत नव्हता. दूरवर मासेमारांची नाव दिसत होती, तिला मी ओढणी हलवून खुणा केल्या.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

काकांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "चूक माझी आहे, कुसुम. सगळं माहीत असून मी हट्ट केला."

काकूंनी माझा हात सोडला. नवऱ्याकडे नीट बघितलं.

"चलो, संसारात पहिल्यांदा 'चूक माझी' ऐकून राहिले मी," त्या म्हणाल्या. "इथे बसून असं ऐकायला मिळत असेल, तर मी दर रविवारी येईन."

आणि त्या खरंच जाऊ लागल्या. दुसऱ्याच दिवशी गिअर दुरुस्त करून काकांनी मुकाट्याने जर्मनचा पंखा बसवला. मी आता दुसऱ्या गावी आहे. परवा काकूंचा फोन आला, तेव्हा त्या जरा कुरकुरतच होत्या. बोट हल्ली बंदच पडत नाही म्हणे.