नळीतली अक्षरं

माझी थोरली बहीण डायलिसिसच्या खोलीत टेक्निशियन आहे आणि मी तिचा पेशंट. आठवड्यातून तीनदा तिच्यासमोर हात पुढे करून बसायचं. भाऊ म्हणून सवलत कसली, उलट बोलणी जास्त. मागे एकदा दोन पेले पाणी जास्त प्यालो, तर बाईंनी चारचौघांत माझी खरडपट्टी काढली.

ताईची एक जुनी खोड आहे. मशीन जोडण्याआधी ती मशीनमधलं पाणी काचेच्या नळीत घेते, त्यात पेशंटच्या रक्ताचे दोन थेंब टाकते, मिनिटभर थांबते आणि नळीमागे त्या दिवसाच्या पेपराचा तुकडा धरते. अक्षरं दिसली नाहीत तर ‘चालेल’ म्हणते. दिसली तर मशीन बंद.

कारण तिनेच मला समजावलंय. रक्तातल्या पेशीचं आवरण पाण्याला अडवत नाही. मिठाला मात्र सहजी आत येऊ देत नाही, आणि जे शिरतं ते बाहेर ढकलायला आवरणातच बारीक पंप असतात. बाहेरचं पाणी रक्ताइतकंच खारट असेल तोवर सगळं सुरळीत. ते अळणी झालं की पाणी आत घुसतं, पेशी टम्म फुगते आणि फुटते. तिथे पंपांचं काही चालत नाही. अख्ख्या पेशी पाणी गढूळ करतात. फुटल्या की नळी सरबतासारखी लाल पण आरपार होते. हेच अंगात झालं तर माणूस खुर्चीतच जातो. तिच्या डोळ्यांदेखत एकजण गेला होता.

आता मशीनला पाण्याचा खारटपणा मोजणारं मीटर असतं, त्यामुळे डॉक्टर तिला हसतात. मीही हसायचो. त्या मंगळवारी सकाळी तर मी वैतागलो होतो. तिघांना जोडून ती माझ्याकडे आली. माझ्या मशीनचं मीटर आदल्या दिवशीच दुरुस्त झालं होतं आणि आकडा अगदी बरोबर दाखवत होतं. म्हटलं, आटप की बाई, दिवस इथेच काढायचाय का?

तिने नळी उचलली, कागद धरला, डोळे बारीक केले.

“चालेल,” ती म्हणाली आणि रक्ताची नळी मशीनला जोडायला वाकली.

काचेची नळी आणि तिच्यामागचा कागद तिच्या डाव्या हातात तसेच माझ्या डोळ्यांपुढे होते. लाल काचेतून मी सहज वाचलं: दोन खोल्या भाड्याने देणे आहे.

तिचा हात जोडणीपाशी पोचला होता.

“ताई, थांब. मला वाचता येतंय.”

ती थिजली. मग तिने आधी माझी रक्ताची नळी चिमट्याने बंद केली, नंतर मशीन. मिठाचं द्रावण ओढणारा भाग अडकला होता आणि मीटर खुशाल जुनाच आकडा दाखवत होतं. पण मला ते नंतर कळलं. तेव्हा आम्ही दोघं बाकीच्या तीन खुर्च्यांकडे बघत होतो. तिथे रक्त फिरत होतं.

तिने तिन्ही मशीनमधलं पाणी पुन्हा घेतलं, त्यात त्या-त्या पेशंटच्या रक्ताचे थेंब टाकले आणि नळ्या माझ्यापुढे धरल्या. मी एकेक पाहिली. गढूळ. गढूळ. तिसरीही गढूळ. शेवटच्या खुर्चीतल्या आजोबांनी विचारलं, काय झालं हो?

“कधीपासून दिसत नाही तुला?” मी हळूच विचारलं.

“दोन महिने झाले असतील,” ती म्हणाली. “सगळंच गढूळ दिसतं रे. नोकरी जाईल म्हणून बोलले नाही.”

दोन महिन्यांत मी पंचवीसएक वेळा या खुर्चीत बसलो होतो, आणि प्रत्येक वेळी तिला काही दिसलं नाही म्हणून ती ‘चालेल’ म्हणाली होती.

ती स्वतःच डॉक्टरांकडे गेली आणि सगळं सांगून आली. डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तोवर तिच्या जागी एक नवीन मुलगी आलीय, हुशार आहे, नळीची खोडही तिने उचललीय. ताई तिला शिकवायला शेजारी स्टुलावर बसते.

काल त्या मुलीने नळी धरली आणि चालेल म्हणाली.

“आधी नुसता कागद वाच,” ताई म्हणाली. “मोठ्याने.”

मुलीने वाचला. मग नळीतून पाहिलं, दिसत नाही म्हणाली. तरी मी नळी मागून घेतली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मलाही दिसलं नाही. हात पुढे करायला मात्र मला बराच वेळ लागला.