मामांच्या गाडीचा पंप

स्वतः बोअरचं मचूळ पाणी पिऊन गाडीला मात्र जारचं पाणी पाजणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मामा वडवणीला राहतात. उभी नोकरी जनावरांचे डॉक्टर म्हणून केली. आता निवृत्त झाले, पण तालुक्यात कुठे म्हैस अडली की मोटारसायकल अजून त्यांच्याच दारात येऊन थांबते. अंगणात लिंबाखाली त्यांची पांढरी ॲम्बॅसिडर उभी असते. सरकारी लिलावात घेतलेली, माझ्या बायकोपेक्षा वयाने मोठी, आणि घरात तिचा मानही थोरल्या लेकीचाच. "बोअरच्या पाण्यात क्षार हाय जावईबापू," त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "रेडिएटरच्या नळ्या बुजतात." मी नवा जावई, त्यामुळे मान डोलावली. मामींनी मात्र आतून विचारलं, "अन् माणसाच्या न्हाई बुजत?" मामा म्हणाले, "माणसाला दवाखाना हाय."

सकाळी उठल्यावर ते आधी गाडीच्या बॉनेटवर उलटा तळहात ठेवतात, मग चूळ भरतात. गाडी बंद पडली असं त्यांच्यासमोर म्हणायचं नाही. ती 'बसली' म्हणायचं, आणि बसली म्हणजे पुन्हा उठणार हे गृहीत धरायचं. दार आपटलेलं त्यांना खपत नाही. माझ्या लग्नात नवरदेव म्हणून मला ह्याच गाडीतून मिरवलं, आणि उतरताना मी दार जरा जोरात लावलं, तर वाजंत्री थांबवून त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा लावून घेतलं होतं. चढ लागला की गाडीतल्या सगळ्यांनी गप्प बसायचं, कारण मामांना इंजिनाचा आवाज ऐकायचा असतो. एकदा भागातले एक वजनदार पुढारी त्यांच्या गाडीत बसून लग्नाला निघाले होते. चढ सुरू झाला आणि मामांनी ओठांवर बोट ठेवलं. पुढारी माथ्यापर्यंत मुकाट बसून राहिले. हे त्यांच्या पक्षालाही कधी जमलेलं नाही.

गाडी अजून घरात होती त्याचं खरं कारण मात्र मामी. मामींना दुसरं कुठलंच वाहन सोसत नाही. एसटीत बसल्या की स्टँडाच्या फाटकातच त्यांना मळमळायला लागतं, आणि काचा बंद करून गार वारा सोडणाऱ्या नव्या गाड्यांत तर विचारूच नका. ॲम्बॅसिडरच्या पुढच्या दाराला ती तिकोनी काच असते ना, ती थोडी तिरपी केली की वारा बरोबर मामींच्या कपाळावर येतो, आणि मग त्या जगाच्या टोकापर्यंत जाऊ शकतात. लग्न झाल्यापासून त्यांचं जग माहेरच्या धारूरपर्यंतच होतं, हा भाग वेगळा.

गेल्या हिवाळ्यात धारूरच्या थोरल्या मावशी, म्हणजे मामींच्या सख्ख्या बहीण, न्हाणीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरीही आणलं, पण बाईंनी अंथरूण धरलं ते धरलंच. चालायचं नाव काढीनात, धड जेवीनात, बोलणंही तुटक. फोनवर मामींनी नुसतं "अक्का" म्हटलं की पलीकडून हुंदका यायचा आणि फोन कट व्हायचा. मामींनी पिशवी भरली. आणि त्याच सकाळी गाडीखाली पाणी दिसलं. मी तेव्हा सुट्टीला वडवणीतच होतो.

मामांनी पंखा धरून हलवला. तो सैल दातासारखा डुलला. मग त्यांनी आतून स्टेथोस्कोप आणला, गाडी चालू केली आणि इंजिनाच्या नाकाशी तो टेकवून डोळे मिटले. "बेअरिंग खरखर करायलंय," ते म्हणाले. "पंप गेला." पंख्यामागचा हा मुठीएवढा पंप रेडिएटरचं पाणी इंजिनात फिरवत असतो. तो गेला की गाडी तापते, आणि धारूरला जायचं म्हणजे घाट.

माझा मेव्हणा बीडहून आपली नवी कोरी गाडी घेऊन आला. आईला उलटीची गोळी देऊन म्हणाला, "चल, तासाभरात पोचवतो." मामी बसल्या आणि तेलगावच्या अलीकडूनच परत आल्या; नव्या गाडीचे गालिचे धुवायला बाहेर काढावे लागले. त्यानं चिडून मामांना ऐकवलं, "दादा, लोकं काय म्हणतेत माहिताय? भंगार अंगणात ठेवलंय. रविवारी गिऱ्हाईक आणतो." मामा शांतपणे म्हणाले, "आण. पण त्याच रविवारी मी हिला धारूरला नेणार. घाटात बसली, तर तिथूनच घेऊन जाऊ दे त्याला." मेव्हणा म्हणाला, "ठरलं." मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. भरलेली पिशवी मात्र त्यांनी रिकामी केली नाही.

डॉक्टरसाहेबांचा पंप गेला ही बातमी गावात पसरली, आणि आमच्याकडे पंप म्हणजे विहिरीवरचाच. माणसं भेटायला येऊ लागली. कोणी म्हणालं, व्होल्टेजच नाही तर मोटार जळणारच. एका शेजाऱ्यानं तर आपली जादा मोटार बैलगाडीत घालून दारात आणली आणि "तुमचा ऊस निघेस्तोवर राहू द्या" म्हणाला. मामांकडे उसाचं कांडंही नाही, पण त्याचं मन मोडू नये म्हणून मोटार दोन दिवस ओट्यावर ठेवून घेतली.

गाडीचा पंप शोधायला मात्र मामा आणि मी बीड पालथं घातलं. दुकानदार गाडीचं नाव ऐकून आधी हसायचे, मग आपल्या वडलांची तशीच गाडी होती म्हणून हळवे व्हायचे, चहा पाजायचे आणि पंप नाही म्हणायचे. शेवटी स्टँडामागच्या एका जुन्या दुकानात माळ्यावर एक सापडला, तेलकट कागदात गुंडाळलेला, नवा. परतीच्या एसटीत मामा तो मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय साहेब?"

"पाण्याचा पंप."

"एवढा बारका? किती एचपीचा हाय?"

"गाडीचा हाय."

कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता जरा विचार केला. "गाडीला पाणी कावून लागतंय? आमच्या गाडीला तर डिझेलच पुरना."

रविवारी सकाळीच मामांनी बाह्या सरसावल्या. मला म्हणाले, "जावईबापू, तुमी हात घाण करू नका," आणि पाठोपाठ माझ्या हातात पाना दिला. रेडिएटरचं पाणी बादलीत सोडलं, ते चहासारखं तांबडं निघालं. रेडिएटर काढला, पट्टा उतरवला, पंखा उतरवला. पंपाचे बोल्ट एकेक करून सुटले, शेवटचा मात्र अडला. गंजून इंजिनाच्या ब्लॉकशी एकजीव झाला होता. नेमका तेव्हाच मेव्हणा गिऱ्हाईक घेऊन आला. ते गृहस्थ मोकळ्या पडलेल्या गाडीभोवती फिरले आणि हळूच म्हणाले, "हिचं तर मोडायचं अर्धं काम झालंयच की." मामांनी मान वर केली नाही. मामींना म्हणाले, "पाव्हण्यांना चहा दे."

मी जोर लावायला पुढं झालो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "वासरू अडलं म्हणून ओढीत बसलं तर गाय जाती," ते म्हणाले. "बोल्ट तुटला तर इंजिन जाईल." त्यांनी बोल्टच्या बुडाशी तेल सोडलं आणि आम्ही भाकरी खाऊन घेतली. मग त्यांनी बोल्ट सोडवायच्या ऐवजी केसभर आवळला. टक्क असा बारीक आवाज आला. तेव्हा कुठे ते उलटं फिरवायला लागले, जरा पुढे, जरा मागे, पुन्हा पुढे, आणि तोंडाने गाभण गाईशी बोलावं तसं "हां, हां, माय" चाललं होतं. बोल्ट अख्खा बाहेर आला. तो त्यांनी गिऱ्हाइकाच्या बशीत ठेवला.

नंतरचं काम त्यांनी लेकराला टाके घालावेत तसं केलं. पाणी गळू नये म्हणून सांध्यात घालतात त्या जुन्या गास्केटची पापडी खरवडून काढली, नवं गास्केट ऑपरेशनच्या कात्रीने कापलं, पंप बसवला, बोल्ट समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळले. पंखा आणि पट्टा चढवला, पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. रेडिएटर जागेवर बसवून वरून जारचं पाणी ओतलं. किल्ली फिरवली. गाडी खाकरली आणि लागली. मामांनी स्टेथोस्कोप टेकवला, आणि बराच वेळ ऐकून तो माझ्या कानाला लावला. आत नुसती घरघर होती, एका सुरातली, दळणाच्या जात्यासारखी. खाली वाकून पाहिलं, तर जमीन कोरडी.

मामी पुढे बसल्या, मी मागे. मेव्हणा आपल्या गाडीत गिऱ्हाईक, पाण्याचा कॅन आणि ओढायचा दोर घेऊन पाठीमागे. तेलगाव सुटलं, घाट लागला, आम्ही गप्प झालो. आणि मधल्या वळणावर उसाचा ट्रॅक्टर अडकलेला. दोन ट्रॉल्या, वर उसाच्या मोळ्यांवर बसलेली ऊसतोड टोळीची बायामाणसं, आणि चाकामागे दगड लावायची धावपळ. रस्ता बंद. ऊन कलायचं नाव घेत नव्हतं. मी म्हणालो, "मामा, गाडी बंद करा, तापेल."

"बंद केली तर पोरगं म्हणल, इसावा देऊन चढवली."

इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकला. मामींनी पदराने कपाळ टिपलं. काटा अजून थोडा सरकला आणि थांबला. आम्ही तिघंही त्या काट्याकडे बघत होतो. तो थांबला तो थांबलाच. शेवटी ट्रॅक्टर हलला, वरच्या बायांनी आम्हाला हात केला, आणि मामांनी पहिल्या गिअरमध्ये गाडी अशी उचलली की मागे बसलेला मी सीटच्या पाठीला टेकलो. माथ्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, बॉनेटवर उलटा तळहात ठेवला आणि मागून येणाऱ्या लेकाची वाट बघत उभे राहिले. मेव्हणा आला, काच खाली केली. मग म्हणाला, "दादा, चढली की." गिऱ्हाईक तिथूनच बीडकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले. जाताना त्यांनी मामांना नमस्कार केला.

धारूरला मामी आत गेल्या. आतून आधी दोघींचं रडणं ऐकू आलं, मग भांडण. भांडण ऐकून मावशींच्या सुनेचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "इतक्या दिसांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या." थोड्या वेळानं मामी दारात आल्या. "अक्का म्हणती, गाडीत बसायचं."

वॉकरवर एकेक पाऊल टाकत मावशी उंबऱ्याबाहेर आल्या. ॲम्बॅसिडरचं सीट सोफ्यासारखं रुंद आणि बरोबर खुर्चीच्या उंचीचं. त्यांना वाकावंही लागलं नाही. दोघी बहिणी मागे बसल्या. मामांनी माणूस चालेल इतक्या वेगाने गाडी बाजारातून फिरवली, किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत नेली. मावशी काचेतून ओळखीची दुकानं मोजत होत्या आणि कोणतं बंद झालं, कोण वारलं, हे मामींना सांगत होत्या. मामी "बाई गं" म्हणत होत्या. चढ असूनही मामांनी ओठांवर बोट ठेवलं नाही.

मावशींना घरी सोडून परतताना ऊन उतरलं होतं. घाट उतरून झाला आणि मामांनी गाडी कडेला घेतली, किल्ली माझ्या हातात दिली आणि डावीकडे जाऊन बसले. ती गाडी त्यांनी आजवर पोटच्या पोरालाही चालवू दिली नव्हती. मी भीत भीत क्लच सोडला. मागे मामी, आज तिकोनी काचेचा वारा विसरून, सीटवर पाय घेऊन झोपल्या होत्या. मामांनी मान मागे टेकली. नखांत काळं तेल तसंच होतं.

"जावईबापू," डोळे मिटूनच ते म्हणाले, "माझ्या माघारी हिच्याकडं बघत जा. लई दमती आता, पण बोलून दाखवत न्हाई."

ते गाडीबद्दल म्हणाले की मामींबद्दल, मी विचारलं नाही. "बरं मामा," म्हणालो. थोड्या वेळानं त्यांचाही घोरण्याचा आवाज येऊ लागला, आणि मी त्या दोघांना न उठवता, खड्डे चुकवत, वडवणीपर्यंत हळूहळू घेऊन आलो.