पुनमचा रोट

शिरपूरच्या रत्नानं एक वाक्य वर्षभर उराशी धरलं होतं. ते तिच्या थोरल्या जावेचं, सुंदरबाईचं.

रत्नाच्या लेकीच्या, नऊ वर्षांच्या पुनमच्या पोटात कर्करोगाची गाठ होती. केमोला न जुमानता ती पसरत चालली, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी नव्या उपचाराची चाचणी सुचवली. पोरीच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना गाठ ओळखायला शिकवायचं आणि परत तिच्याच अंगात सोडायच्या. गुण येईलच असं नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. रत्ना म्हणाली, "शिकवा. गाठीला सोडू नका म्हणावं त्यांना." शेजारणीवर दात खावेत तशी ती त्या गाठीवर दात खाऊन होती.

पेशी सोडल्या, ताप चढला, उतरला. श्रावणात मायलेकी गावी आल्या, तर घरात कानबाई, खानदेशची कुलदेवी, बसलेली. कानबाईचा रोट, नैवेद्याची जाड पोळी, भाऊबंदांनीच खायचा, परक्याला कणही द्यायचा नाही. पुनमनं हात पुढं केला आणि सुंदरबाईनं ताट मागं ओढलं.

"हिन्हं रगत मुंबईमा बदली गयं. हाई आते आपला कुळनी राहिनी नही."

पोरीचा बाप गिरधर मान खाली घालून बसला. रत्ना भांडली नाही. भांडून मोकळं व्हायचंच नव्हतं तिला.

मग वर्षभर तिनं पुनमचा घास न घास डोळ्यांत तेल घालून पाहिला. काल पाव भाकर, आज अर्धी. गाठ निम्म्यावर आली. पुढचं डॉक्टरही सांगत नव्हते.

यंदा पुन्हा कानबाई बसली. सासरे उखर्डूआबा रोट वाटू लागले. त्यांच्यापुढं कधी तोंड न उघडणारी रत्ना उभी राहिली.

"आबा, जेन्हा अंगमा परकं रगत, तेन्ही रोट खावाना नही ना?"

"नहीच."

"मंग सुंदरअक्काले देऊ नका. धुळाले तिन्हं आपरेशन व्हयनं, तवय रगतन्या तीन बाटल्या चढन्यात. रक्तपेढीमातून मीच आन्यात. कोन्हं रगत व्हतं, देवले माहीत. मन्ही पोरना अंगमा तिन्हं सोतानंच रगत शे."

सुंदरबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "आबा, तसं नही..."

"नियम तुन्हाच शे, अक्का," रत्ना म्हणाली.

आबांनी पुनमच्या ताटात रोट ठेवला आणि सुंदरबाईला वगळून ते पुढं सरकले.

रत्नाच्या काळजाला असं गार वाटलं! सुंदरबाईची खाली गेलेली मान, मांडीवरचे रिकामे हात, सगळं ती मन भरेपर्यंत पाहत राहिली. वर्षाची भूक होती ती. पंगत उठू लागली तरी तिची नजर हलेना.

कुणीतरी पदर ओढत होतं. तिनं खाली पाहिलं. ताटातला रोट जसाच्या तसा होता.

"माय, माले भूक नही," पुनम म्हणत होती. कधीपासून म्हणत होती, रत्नाला ठाऊक नव्हतं.