न पळालेला ससा

बायकोसोबत शेवटचं धड काम केलं ते ससा सोलायचं. मी मागचे पाय धरले अन् तिनं विळ्यानं कातडं सोडवलं.

तुरीची सोंगणी संपत आली होती. शेवटच्या ओळीत, धुऱ्याजवळ तो ससा बसलेला. माणूस दिसला की ससा सुटतो, हा बसूनच राहिला. मी काठी घातली, जागेवरच आडवा झाला. तिले मोठी गंमत वाटली.

"आजलोक तुमच्या हातानं घूस नाई मेली," ती म्हणाली. "तुमच्यासारखाच म्हातारा असन बिचारा."

"म्हातारा असो का तरणा, तू मसाला वाट."

सोलता सोलता ती थांबली. हात लुगड्याले पुसला, कमरेची चंची काढली अन् बोटानं दाताले मिश्री लावली. मी पाहत होतो. चाळीस वर्षं पाहत आलो, त्यात नवं काय होतं. मग शेजारच्या शेतवाल्याले कच्चा वाटा देऊन आलो. आमच्याकडं शिकार एकट्यानं खात नाहीत.

चौथ्या दिवशी तिले ताप आला. घसा इतका दुखे की थुंकी गिळता येईना. गावातल्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, सुई झाली, ताप हटेना. मग मानेत कानाखाली गाठ आली. आधी बोराएवढी, आठ दिवसांत लिंबाएवढी. मी बिब्ब्याले सुई खुपसून दिव्यावर धरला अन् त्याचं तेल गाठीवर फुलीसारखं लावलं. माझ्या मायनं माझ्या गाठीवर तसंच लावलं होतं अन् ती बसली होती. हिची बसली नाही. वरची कातडी तेवढी भाजली.

पोरगी मंगरूळपीरले दिली आहे. ती आली अन् मायले पाहून माझ्यावरच चिडली. "बाबा, इतके दिवस काय करून राह्यले होते तुमी?" तिनं गाडी केली अन् आमी वाशीमले आलो.

तिथली डॉक्टरीण वयानं माझ्या नातीएवढी. तिनं बॅटरी लावून घसा पाहिला. आत पांढरा चट्टा होता. गाठ दाबली, बिब्ब्याचा डाग पाहून मान हलवली. टीबीची गाठ असू शकते म्हणून सुईनं गाठीतलं पाणी काढलं, तपासाले पाठवलं. मग वही घेऊन विचारत बसली. पाणी कुठलं पिता? घरात उंदीर मेले होते का? जनावरं कोणती? शेवटी म्हणाली, "शिकार वगैरे केली होती का?"

पलीकडच्या गावात एकाले रानडुकरापायी जंगलखात्यानं उचलून नेलं होतं. मी म्हणालो, "नाई मॅडम. आमी माळकरी."

बायको खाटेवरून माझ्या गळ्याकडं पाहत राहिली. गळ्यात माळ कुठली, साधा काळा दोराही नव्हता. बोलवतच नव्हतं तिले.

टीबीचा तपास कोरा आला. औषध बदललं, ताप तसाच. मी रोज सकाळी ठरवायचो की आज सांगतो. डॉक्टरीण आली की हात जोडून उभा राहायचो अन् ती पुढच्या खाटेकडं जायची. वाटायचं, मले धरून नेलं तर हिच्याजवळ कोण बसन. खरं म्हणजे मले माझंच भेव होतं, हिचं नाव मी पुढं करत होतो. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी बायकोनं मले खुणेनं जवळ बोलावलं. घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द ओढून म्हणाली, "माळ कुठी हाये तुमची? घालून घ्या एखादी. नाईतं सांगून टाका."

मी उठलो अन् डॉक्टरणीच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

ती ओरडली नाही. तिनं पेन घेतला. ससा पळाला का नाही, सोलला कोणी, हातात काही घातलं होतं का. मी मिश्रीचं सांगितलं तेव्हा तिनं पेन खाली ठेवला. "आजोबा, तो ससा आजारीच होता. म्हणून बसून राहिला. त्याचे जंतू आजींच्या हाताला लागले अन् बोटावरून तोंडात गेले. आधी घसा धरला, मग गाठ." शिजवलेल्यातून सहसा होत नाही, माणसाचं माणसाले लागत नाही, हेही सांगितलं. "मी सुद्धा हा आजार पुस्तकातच पाहिलाय. आपल्याकडं कोणी त्याचा विचार करत नाही, म्हणून विचारलं होतं." मग चिठ्ठीवर नाव लिहून दिलं: टुलारेमिया. ते माझ्या तोंडात अजून बसत नाही.

रक्त लांबच्या लॅबले पाठवलं, पण तिनं वाट पाहिली नाही. त्याच दुपारी दुसरं इंजेक्शन चालू केलं अन् गाठीले चीर देऊन पू काढला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. बायको दोन चमचे चहा प्यायली अन् म्हणाली, फिका हाये. मले वाटलं, आता घरी नेऊ. पण तोवर ते रक्तातून छातीत उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिले दम लागला अन् दहाच्या आत गेली.

"चार दिवस आधी सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

"मला नाही सांगता येणार, आजोबा." इतकंच म्हणाली.

त्याच दिवशी तिले आणून मातीआड... नाही, आमच्यात जाळतात, जाळून आलो. संध्याकाळी पोरीच्या फोनवर दवाखान्यातून निरोप आला की रक्तात तेच निघालं. अंगणात बाया बसल्या होत्या. त्यांत शेजारच्या शेतवाल्याची बायको होती. पदर गळ्याभोवती घट्ट घेतलेला. पाण्याचा गिलास घ्यायले हात वर केला तेव्हा पदर सरकला. कानाखाली बिब्ब्याची काळी फुली होती. वाटा तिनंच कापला असन. पोरगी मायसाठी रडून राह्यली होती, चार बाया जमल्या होत्या. त्यांच्यासमोर माझी जीभ रेटली नाही. पुन्हा तेच केलं मी.

सकाळी उठलो, चहा न घेता चिठ्ठी खिशात टाकली अन् शेजारच्या शेतवाल्याकडं निघालो. पोरगी आडवी आली. "बाबा, सुतक हाये. लोकाच्या घरी जात नसतात."

"सुतक मले हाये. तिच्या मानेले नाई."

शेतवाला ओट्यावर दात घासत होता. मले दारात पाहून चपापला. मी उंबरा ओलांडून आत गेलो, त्याच्या बायकोसमोर बसलो अन् म्हणालो, "तो ससा रोगट होता. माझी बायको त्यानंच गेली. चार दिवस मी डॉक्टरले खोटं बोललो. तू लुगडं बदल, गाडी बोलावतो. मीबी येतो. तिथं तुमी कोणी बोलू नका, मी सांगतो."