रेघेखालची माणसं

नकाशा माझ्या हातात दिला नाही. पाटलांनी तो चावडीच्या पायरीवर ठेवला, दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, "उचल आता."

मी उचलला. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन बिदरहून परतलेली मी वाकले, हे खरं आहे.

बोलावणं आलं ते एवढ्याचसाठी की हवाई दलाचे अधिकारी इंग्रजीत बोलणार होते आणि गावात ते समजणारी मी एकटी. आत सतरंजीवर गाव. बाहेर उन्हात आमची बौद्ध वस्ती, त्यांत माझे अप्पा. मधे पायरीवर मी.

शिकाऊ वैमानिकांच्या सरावाचं क्षेत्र वाढत औराद तालुक्यापर्यंत आलं होतं. विमानं इतक्या खालून जात की म्हशी दावी तोडत. त्या आवाजानं दचकून माझी आत्या कडब्याच्या गंजीवरून पडली. ती पुन्हा ताठ उभी राहिली नाही. पाटलांनी अर्ज केला होता. त्याचंच उत्तर घेऊन अधिकारी आले होते.

ते एक वाक्य बोलत, मी ते मराठीत सांगे. विमानं आता गावावरून जाणार नाहीत. मार्ग पूर्वेला सरकवला आहे. आतल्या माना डोलल्या.

मी नकाशा पाहिला. लाल रेघ गावठाणाला वळसा घालून ओढ्यापलीकडच्या मोकळ्या जागेवरून सरळ गेली होती. त्या जागेवर एकही घर काढलेलं नव्हतं. ती आमची वस्ती.

अधिकारी म्हणाले, "त्यांना सांगा, या रेघेखाली कोणी राहत नाही."

मी वळून उन्हात बसलेल्यांकडे पाहिलं.

"सांग की गं," पाटील म्हणाले. "कामून थांबलीस?"

"रेघेखाली आम्ही राहतो. तुम्हाला ठाऊक आहे."

"साहेब बोलायलेत तेवढंच बोल."

आतून कोणी तरी म्हणालं, "इमान वरूनच जायलंय की. कुणाला शिवायलंय?" सतरंजी हसली.

मी अधिकाऱ्यांना इंग्रजीत सांगितलं, तिथं माणसं राहतात, ती माझ्या मागं उन्हात बसली आहेत. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. नकाशाकडे पाहिलं. "यात नाहीत," म्हणाले.

"मग हे वाक्य मी सांगणार नाही," मी मराठीत म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि पायरी उतरले.

वाटेत अप्पा म्हणाले, "गप बसली असतीस तर बरं झालं असतं, माय."

"रेघ सरकली असती, अप्पा?"

"न्हाई," म्हणाले.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. "इमानाला बी बरं कळतंय गं, गाव कुठं सरतं ते."

रेघ तशीच राहिली. विमानं आमच्यावरून जाऊ लागली. मी दोरीला गाठी मारून वस्ती मोजली, घर अन् घर कागदावर काढलं, प्रत्येक घरात राहणाऱ्यांची नावं लिहिली आणि अर्ज पाठवला. उत्तर एका ओळीचं होतं: रहिवाशांनी काढलेला नकाशा ग्राह्य धरता येत नाही, तो अधिकृत भूमापकाचाच लागतो.

उत्तर नियमाला धरून होतं. म्हणून तर चीड आली.

गुलबर्ग्याला एम.एस्सी. करायचं मी केव्हापासून ठरवलं होतं. तो अर्ज बाजूला ठेवला आणि भूमापन खात्यातल्या नोकरीचा भरला. बाईला घेत नाहीत, असं तिथल्या कारकुनानं तोंडावर सांगितलं. तसा नियम असेल तर लेखी द्या, म्हटलं. तो देईपर्यंत मी त्याच्या टेबलासमोरून हलणार नाही.