मेहमुदाची फाइल आणि शिवाप्पाचे माग

मेहमुदा जमादार मंगळवार पेठेतली. वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे, त्यामुळे स्क्रू-ड्रायव्हर लहानपणीच हातात आला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि पेठेतच जोतीराम सरांच्या वर्कशॉपात लागली. तिथं यंत्रमागांचं उत्पादन मोजणाऱ्या पेट्या बनायच्या. पेटीत छोटा संगणक, त्याला दोन सिरियल पोर्ट, म्हणजे तारेनं आकडे आत घ्यायची तोंडं. एका पोर्टला मागांची पहिली रांग जोडायची, दुसऱ्याला दुसरी.

२००८ साली पेटीत लिनक्सचं नवं कर्नेल, म्हणजे संगणक चालवणारा मूळ प्रोग्राम, घालायचं ठरलं. जुन्या कर्नेलला पोर्टांची माहिती आधीच असायची. नव्याला ती वेगळ्या फाइलीत लिहून द्यावी लागे: पोर्ट कुठल्या पत्त्यावर, त्याचं क्लॉक म्हणजे ठोक्यांचा वेग किती, आकडा आला की तो संगणकाला ज्यानं हाक मारतो तो इंटरप्ट कुठला. डिव्हाइस ट्री म्हणत तिला. कर्नेल बोर्डाकडे बघत नाही, फाइल सांगेल ते खरं धरतं.

मेहमुदानं मॅन्युअल पुढ्यात घेऊन फाइल लिहिली. पत्ते बरोबर, क्लॉक बरोबर, दोन्ही पोर्ट बोलायला लागले. फक्त दुसऱ्या पोर्टाचं वर्णन तिच्याकडून वर लिहिलं गेलं, आणि कर्नेलनं त्यालाच पहिला नंबर दिला. वर्कशॉपात टेबलावर तपासताना हे कुणाला कळलं नाही. पेटी इचलकरंजीच्या एका कारखान्यात गेली.

काही आठवड्यांनी मेहमुदा तिथं दुसऱ्याच कामासाठी गेली. पहिल्या रांगेची वीज दुरुस्तीसाठी तोडलेली, माग गप्प उभे. पण स्क्रीनवर पहिल्या रांगेचे आकडे वाढत होते.

"ह्या रांगेवर कोण असतं?" तिनं शेजारच्या कामगाराला विचारलं.

"शिवाप्पा हुता. मालकानं काढला की त्याला. मशीन म्हणालं, काम कमी करतोय. सगळ्यांम्होरं कामचोर म्हणाले."

दुसऱ्या रांगेचे माग जुने, सूत सारखं तुटायचं. तिथले कमी आकडे शिवाप्पाच्या नावावर चढले होते.

वर्कशॉपात येऊन तिनं सगळं सांगितलं. जोतीराम सरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "फाइल दुरुस्त कर. पेटी बदलून येऊ. मालकाला कशाला सांगायचं? पुढची ऑर्डर जाईल."

"सर, माणसाचं काम गेलंय."

"अगं, तो दुसरीकडं लागला असेल."

लागला नव्हता. मेहमुदा पत्ता काढून त्याच्या घरी गेली, तर बायको रत्नव्वा दारातच उभी राहिली. "आता काय उरलंय?" ती म्हणाली. शिवाप्पा आतून आला. मेहमुदानं फाइलीचं, पोर्टांचं, जमेल तसं सांगितलं. त्याला त्यातलं निम्मंच कळलं असेल.

"म्हंजे मी काम करत हुतो?"

"व्हय. दोन्ही रांगांत जास्त काम तुमचंच होतं."

तो खाली बसला. "मग त्यास्नी सांगा. मालकाला न्हवं, मागावरच्या पोरास्नी. त्यांच्याम्होरं म्हटलंय मला."

मालकाला तिनं आधी सांगून बघितलं. त्यांनी शिवाप्पाला परत घ्यायची तयारी दाखवली, पण कामगारांसमोर काही बोलायचं नाही म्हणाले. "मग माझं कोण ऐकंल उद्या?"

म्हणून पाळी सुटताना ती कारखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर उभी राहिली. चहा घेणाऱ्या माणसांना तिनं मोठ्यानं सांगितलं, चूक आपली होती, शिवाप्पाची नव्हती. कुणी हसलं, कुणी मान हलवली. एक म्हातारा म्हणाला, "आमी तवाच म्हणत हुतो." शिवाप्पा बाजूला उभा राहून ऐकत होता.

मालकानं पेटी परत पाठवली. जोतीराम सरांनी तिला काढलं नाही, पण महिनाभर कामापलीकडं शब्द बोलले नाहीत. जिथं कामचोर ठरला होता, त्या कारखान्यात शिवाप्पा परत गेला नाही. जयसिंगपूरला हमालीला लागल्याचं रत्नव्वानं सांगितलं. मागावरचा इतका चांगला माणूस हमाली करतोय, हे मेहमुदाला पुढं कधीच सोसलं नाही.