बाबांनी बदललेला शेवट

ब्रिस्टलमध्ये दान आलेल्या वस्तू विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपमध्ये एक जुनी रशियन कादंबरी उघडली आणि पिवळ्या पानांच्या वासासरशी मला कॉव्हेंट्रीतली शाळा आठवली. लहानपणी बाबांनी हीच गोष्ट मला मराठीतून सांगितली होती. त्यामुळे वर्गात या कादंबरीवर चर्चा चालू असताना मी ठणकावून म्हणाले, "शेवटी ती आई बरी होऊन घरी येते." सगळे हसले. पुस्तकात ती मरते. माझे कान लाल झाले.

घरी येताच मी बाबांवर ओरडले, "तुम्ही स्टोरी चेंज का केलीत?"

बाबा कणीक मळत होते. "तेव्हा तुझी आई हॉस्पिटलमध्ये होती," ते हळूच म्हणाले. "तू रोज विचारायचीस, ती घरी येईल ना?"

आई आलीच नव्हती. वर्गातलं हसणं मला केव्हाच बोचेनासं झालं. बाबांवर ओरडल्याची लाज मात्र अजून जात नाही.